वडगावातलं एक घर आणि रोजची एकशे चार भांडी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे घर बेळगावच्या वडगाव भागात, एका अरुंद बोळात आहे. जुनं कौलारू घर, मागं परडं, परड्यात विहीर आणि विहिरीला लागून दगडी मोरी. घरात माणसं सात. आजोबा आयुष्यभर मागावर बसले, आता घरीच असतात. आजींचे गुडघे गेली चार वर्षं दुखतात. मोठा मुलगा उद्यमबागेतल्या एका मशीनशॉपमध्ये दोन पाळ्यांत काम करतो, एक आठवडा सकाळची, एक आठवडा दुपारची. सूनबाई खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत शिक्षिका. सकाळी आठची बस धरतात, परत यायला साडेसहा होतात. धाकटा दीर औषधांच्या दुकानात आहे. मुलं दोन, नात नववीत आणि नातू पाचवीत. घरच्यांच्या इच्छेनुसार इथं कुणाचंही नाव घातलेलं नाही, नात्यांवरूनच माणसं ओळखावीत.

सूनबाई माझी जुनी विद्यार्थिनी. मी निवृत्त झाल्यापासून तिचं येणं-जाणं वाढलंय. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात ती आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, रात्री साडेअकराला भांडी घासून झोपते आणि पहाटे साडेपाचला त्याच मोरीपाशी उभी असते. पोरांचा अभ्यास घ्यायला मला वेळ नाही आणि मी शिक्षिका आहे." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. भांडी हा विषय बोलण्यासारखा वाटत नाही, म्हणून बायका तो गिळून टाकतात. मला तो गिळू द्यायचा नव्हता.

या आधी त्या घरी अकरा वर्षं एक कामवाली होती. घरात सगळे तिला अक्का म्हणत. उन्हाळ्याच्या शेवटी तिनं काम सोडलं. कारण कुणी विचारलं नाही. "वय झालं असेल," एवढंच घरच्यांनी धरून चाललं.

अडचण

पहिल्या भेटीत मी एकच काम सांगितलं: एका साध्या बुधवारी, पहाटेच्या चहापासून रात्रीच्या दुधापर्यंत, घासायला पडलेलं प्रत्येक भांडं वहीत मांडायचं. चमचे आणि पळ्या सोडून. नातीनं हे काम आवडीनं केलं. आकडा आला एकशे चार. त्यात पेले आणि कपबशा 38, ताटं-वाट्या 31, डबे आणि त्यांची झाकणं 19, आणि स्वयंपाकाची भांडी 16.

घरात कुणालाच हे खरं वाटेना. सगळ्यांच्या मनात भांड्यांचा ढीग म्हणजे कुकर, कढई, करपलेलं दुधाचं पातेलं. प्रत्यक्षात सर्वांत मोठा गठ्ठा पाण्याच्या पेल्यांचा होता. तहान लागली की मांडणीवरून नवा पेला घ्यायचा, पिऊन झाला की मोरीत ठेवायचा. आजोबा एकटे दिवसाला सात पेले काढत. औषधाचा वेगळा, जेवणाचा वेगळा, संध्याकाळी फिरून आल्यावरचा वेगळा. यात त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या उमेदीच्या काळात पेला विसळून ठेवणारं कुणीतरी कायम घरात होतं.

दुसरी अडचण पाण्याची. शहराला राकसकोपच्या जलाशयातून पाणी मिळतं. 2008 मध्ये काही वॉर्डांत चोवीस तास पाण्याची योजना आली, पण हा बोळ त्यात नव्हता. इथं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की शेजारून कानडीत हाक येते, "नीर बंत्री!", म्हणजे पाणी आलं, आणि हातातलं टाकून घागरी-पिंप भरायला पळावं लागतं. बाकीचे दिवस विहिरीवर. गावाचं विहिरींशी नातं जुनं आहे. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत खोदलेली विहीर लोक अजून काँग्रेस विहीर म्हणूनच ओळखतात. या घरची विहीरही उन्हाळ्यात आटत नाही. पण तिचं पाणी जड आहे. साबणाला फेस धरत नाही, आणि वाळल्यावर स्टीलच्या पेल्यांवर पांढरट डाग राहतात. ते डाग म्हणजे पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. सूनबाईंना वाटायचं आपलंच घासणं कमी पडतंय, म्हणून त्या तेच पेले दोन-दोनदा घासत.

तिसरी अडचण उंचीची. आत नवा ओटा झाला तेव्हा त्यात खोल सिंक बसवलं. ओटा 33 इंचांचा आणि सिंकचा तळ त्याच्याही खाली नऊ इंच. सूनबाई घासताना पाऊण तास कमरेतून वाकलेल्या. आजींना आतलं सिंक पटतच नाही, त्या बाहेर मोरीत उकिडव्या बसून घासायच्या, आणि उठताना विहिरीचा कठडा धरायच्या. मी ते पाहिलं आणि पोटात गोळा आला.

आणि चौथी, जी वहीत येत नव्हती: हे सगळं एकाच माणसाच्या अंगावर होतं.

कोणते पर्याय होते

घरच्या बैठकीत चार गोष्टी पुढं आल्या. दिराचं म्हणणं, हप्त्यानं डिशवॉशर घ्यावं. मुलाचं म्हणणं, दुसरी बाई बघावी. आजींचं म्हणणं, "मी आहे की, हळूहळू घासतो मी." आणि माझं म्हणणं, आधी एकशे चारचा आकडा खाली आणावा, मग उरेल त्याचं बघावं.

डिशवॉशरवर बरंच बोलणं झालं. यंत्र एका फेरीला साधारण दहा-बारा लिटर पाणी घेतं. या घरात रात्रीच्या भांड्यांना दहा लिटरच्या अकरा बादल्या लागत होत्या, त्याही आम्ही मोजल्या होत्या. फरक डोळ्यांत भरणारा होता. पण अडथळे दिसले. घर कौलारू, टाकी मोरीवरच्या छोट्या स्लॅबवर, नळापासून जेमतेम अडीच मीटर उंच. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण एक बार भरतो, म्हणजे इथं पाव बार. बहुतेक यंत्रांना किमान 0.3 ते 0.5 बार लागतो, तेव्हा वेगळा पंप आला. जड पाण्यासाठी यंत्रात मीठ घालावं लागतं, तो खर्च निराळा. आणि ॲल्युमिनियमचा कुकर त्यात काळा पडतो, लोखंडी तवा-कढईवर वर्षानुवर्षं चढलेलं तेलाचं कवच निघून जातं, पितळेची चमक जाते. "मग कुकर-कढई हातानंच घासायची, तर यंत्र कशाला?" असं मी म्हणाले आणि तो विषय तिथंच मिटला. या वाक्याकडं मला पुढं परत यायचं आहे.

दुसरी बाई दोन आठवडे शोधली. दोघी येऊन बघून गेल्या, परत आल्या नाहीत.

काय केलं

सुरुवात पेल्यांपासून. शहापुरातल्या भांड्यांच्या दुकानात भांड्यावर नाव घालून देतात. पूर्वी रुखवताच्या प्रत्येक भांड्यावर नाव असायचं, ती पद्धत आता मागं पडत चालली आहे. सात पेले, सात ताटं आणि चौदा वाट्यांवर प्रत्येकाचं नाव घालून आणलं. बाकीचे पेले पोत्यात बांधून माळ्यावर. नियम एवढाच की दिवसभर आपलाच पेला, आणि जेवण झालं की आपलं ताट आपण विसळून ठेवायचं. घासायचं नाही, विसळायचं. हा फरक मुद्दाम केला. भात वाळून ताटाला चिकटला की घासायला तिप्पट वेळ लागतो, आणि जेवून उठल्या उठल्या तोच भात तांब्याभर पाण्यानं निघून जातो.

इथं पहिला खटका उडाला. मुलगा ताट घेऊन मोरीकडं निघाला तेव्हा आजी ताडकन उभ्या राहिल्या, गुडघे विसरून. "मी जिवंत असताना पोरगा खरकटं काढणार? लोक काय म्हणतील?" मुलगा थांबला. सूनबाई काहीच बोलल्या नाहीत. त्या शांततेत आजोबा उठले, आपलं ताट घेऊन गेले आणि विसळून आणून पालथं घातलं. म्हणाले, "मागावर असताना खळ आम्हीच घासून काढत होतो की. तेव्हा काय कमी झालं?" आजी दोन दिवस बोलल्या नाहीत, पण नंतर त्यांनी अडवलंही नाही. मी त्यांना कितीही समजावलं असतं तरी हे झालं नसतं.

मग डबे. तीन ताळ्यांचे चार डबे रोज घराबाहेर जात आणि संध्याकाळी आंबलेल्या वासासकट परत येत. शनिवारचा डबा सोमवारी उघडला की विचारूच नका. आता डबा विसळूनच घरी यायचा. सूनबाई शाळेच्या नळावर, मुलगा कारखान्यात, मुलं आपापल्या शाळेत. नातू आठवडाभर विसरला. मग त्याच्या आईनं न विसळलेला डबा त्याच्याचकडून घासून घेतला, तेव्हापासून विसरत नाही.

भिजवण्याच्या बाबतीत मी स्वतः चुकले. मोरीत एक मोठं घमेलं ठेवायला लावलं, साबणाच्या पाण्याचं, आणि दिवसभर सगळं त्यात टाकायला सांगितलं. चार दिवसांत तव्याला गंज चढला, चहाच्या कपांना बांगड्याच्या कालवणाचा वास लागला, आणि सोमवार करणाऱ्या आजींनी चहाच सोडला. चूक लक्षात आल्यावर दोन वेगळी घमेली केली. तेलकट आणि माशा-मटणाचं एकात, बाकीचं दुसऱ्यात, आणि लोखंडाचं काहीच भिजवायचं नाही. तवा-कढई गरम असतानाच पुसायची, गरज पडली तर पाण्यानं घासून लगेच चुलीवर कोरडी करायची आणि तेलाचं बोट फिरवायचं. दुधाच्या पातेल्याला आधी गार पाणी. गरम पाण्यानं दुधातली प्रथिनं आणखी चिकटतात. तेलकटाला मात्र गरमच.

घासण्याचा क्रमही बदलला. आधी पेले, मग वाट्या-ताटं, तेलकट सर्वांत शेवटी. साबणाचं तेच पाणी शेवटपर्यंत पुरतं. नळ सोडून ठेवायचा नाही. घासणं विहिरीच्या पाण्यात, शेवटचं विसळणं नळाच्या साठवलेल्या पाण्यात. पेल्यांवरचे पांढरे डाग लिंबाच्या सालीनं गेले आणि परत आले नाहीत. विहिरीचं पाणी भांड्यावर वाळत नाही, म्हणून. ज्या दिवशी पेले चकचकीत दिसले त्या दिवशी सूनबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता. इतके दिवस त्या स्वतःलाच दोष देत होत्या.

सिंकच्या तळाशी पालथा पाट ठेवला आणि त्यावर घमेलं. हात पाच इंच वर आले, कंबर सरळ झाली. यासाठी एक पैसा लागला नाही. बाहेर मोरीत गवंड्याकडून उरलेली शहाबादी फरशी बसवून घेतली, स्टुलावर बसून हाताला येईल एवढ्या उंचीवर. एका दिवसाचं काम. आजी आता तिथं बसून सकाळचे कप घासतात. त्यांच्याकडून ते काम काढून घ्यायचं नाही, हे आम्ही ठरवून केलं. त्यांना काम हवं होतं, फक्त उकिडवं बसवत नव्हतं.

स्वयंपाकातही थोडा बदल झाला. आमटी कुकरच्या भांड्यातून पातेल्यात, पातेल्यातून वाढायच्या भांड्यात, उरलेली फ्रिजसाठी तिसऱ्या डब्यात, असा प्रवास व्हायचा. आता ज्यात शिजतं त्यातूनच वाढतात आणि त्यालाच झाकण लावून फ्रिजमध्ये जातं. पाहुणे आले की मात्र आजी वाढायची भांडी काढायला लावतात, आणि मला ते योग्यच वाटतं.

पाळ्यांची घडी

रात्रीची मोठी भांडी कुणी घासायची, याचं वेळापत्रक दोनदा मोडलं. पहिल्यांदा वार वाटून दिले. मुलाची दुपारची पाळी लागली आणि तो रात्री साडेबाराला घरी येऊ लागला, तेव्हा त्याचे वार आपोआप सूनबाईंकडं आले. दोन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण त्या बोलल्या नाहीत. दुसऱ्यांदा दिराला त्या आठवड्याची बदली दिली. त्यानं केलंही, पण रागात, आणि दोन वाट्यांना पोचे आले.

शेवटी वार सोडून पाळी धरली. मुलाची सकाळची पाळी असते त्या आठवड्यात रात्रीची मोठी भांडी त्याची. दुपारची पाळी असते तेव्हा तो सकाळी घरी असतो, म्हणून त्या आठवड्यात रात्री भांडी फक्त भिजत ठेवायची आणि सकाळी त्यानं घासायची. रात्री मोरी रिकामी दिसली नाही की आजींना झोप येत नाही, ही खरी अडचण होती. खरकटं ठेवून झोपू नये, लक्ष्मी नांदत नाही, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या. मी त्यांना म्हणाले, "आज्जी, खरकटं काढलेलं असेल, विसळलेलं असेल, वर झाकण असेल, तर ते खरकटं कसं?" त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, "झाकण मात्र पाहिजे."

अक्कांकडं जाणं

हे जुलैमध्ये, म्हणजे बरंच उशिरा झालं. सूनबाई आणि मी अक्कांच्या घरी गेलो. मी सहज विचारलं, काम का सोडलं. त्यांनी हात पुढं केले. बोटांच्या पेरांना भेगा होत्या. म्हणाल्या, "भांडी जास्त हायत म्हणून न्हाई सोडलं. वाळल्याली भांडी खरवडून खरवडून हातातून रक्त येत होतं. आणि नळाचं पाणी कवा येतंय, मी कवा येतो, मेळच न्हाई. पाणी नसलं की परत जायचं, परत यायचं. कुणाला सांगायचं?"

अकरा वर्षं. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि सूनबाईंना त्याहून. खरखरीत पावडर त्याच दिवशी बंद झाली, सौम्य द्रव साबण आणि रबरी हातमोजे आले. अक्का सकाळी एकदाच येतात, फक्त कुकर, पातेली आणि परात घासतात, तीही भिजवलेली. त्यांच्यासाठी दोन बादल्या नळाचं पाणी राखून ठेवलेलं असतं. रविवार सुट्टी. कामाचा भार निम्म्यावर आला तरी पगार तेवढाच राहिला, वर महिन्याला दोनशे वाढले. यावर घरात थोडी कुरकूर झाली. मुलानं ती मिटवली: "पूर्वीचाच पगार कमी होता."

नावाचे पेले आणले तेव्हा अक्का कामावर नव्हत्या. त्या परत आल्यावर त्यांचा चहा कशात द्यायचा, हा प्रश्न उभा राहिला. पूर्वी त्यांचा कप वेगळा, मोरीच्या कोनाड्यात असायचा. सूनबाईंनी आठवा पेला नाव घालून आणला आणि मांडणीवर बाकीच्या सातांच्या रांगेत ठेवला. आजींनी पाहिलं. तो पेला आजही तिथंच आहे.

काय निष्पन्न झालं

गौरी-गणपतीत खरी परीक्षा झाली. जेवायला बावीस माणसं होती. केळीची पानं घातली, पाण्याला तेवढे पोत्यातले पेले काढले आणि काम झाल्यावर परत बांधून ठेवले. त्या रात्री सूनबाई दहाला आरतीला उभ्या होत्या.

दिवाळीनंतर नातीनं पुन्हा एका बुधवारी मोजणी केली. एकसष्ट. पेले-कप 14, ताटं-वाट्या 24, डबे 12, स्वयंपाकाची भांडी 11. रात्रीच्या पाण्याच्या अकरा बादल्यांच्या पाच झाल्या. रात्रीची आवराआवर साडेअकराऐवजी पावणेदहाला संपते. सूनबाई नऊ ते पावणेदहा नातीचं गणित घेतात, कारण एका आठवड्यात तेव्हा मोरीत मुलगा असतो आणि दुसऱ्या आठवड्यात भांडी सकाळपर्यंत भिजत असतात.

आता वेगळं काय केलं असतं

सर्वांत आधी अक्कांकडं गेले असते. आम्ही दीड महिना मोजत, आखत, गवंडी बोलावत राहिलो, आणि ज्या माणसानं ती भांडी अकरा वर्षं घासली तिला विचारायचं कुणाला सुचलं नाही. वाळलेलं खरकटं आणि पाण्याची वेळ, ही दोन्ही उत्तरं तिच्याकडं पहिल्या दिवसापासून तयार होती.

दुसरं, डिशवॉशर. "कुकर-कढई हातानंच घासायची, तर यंत्र कशाला?" असं मी ठासून म्हणाले तेव्हा नातीची वही माझ्यासमोर उघडी होती. एकशे चारपैकी अठ्ठ्याऐंशी भांडी पेले, ताटं, वाट्या आणि डबे होती, जवळजवळ सगळी स्टीलची आणि यंत्रात चालणारी. हातानं घासायची फक्त सोळा. मी आकड्याऐवजी माझ्या मनातल्या ढिगाकडं बघून बोलले. पाण्याच्या दाबाची अडचण खरी होती, पण छोट्या पंपानं सुटणारी. दिराचं म्हणणं मी जास्त ऐकून घ्यायला हवं होतं, हे मी त्याला सांगितलंही. आता घराच्या मागच्या अंगाला स्लॅब घालायचं चाललंय. टाकी त्यावर चढली तरी उंची फार तर साडेतीन मीटर होईल, म्हणजे दाब काठावरच. पंपाची जागा आधीच सोडायची, असं गवंड्याला सांगितलंय. यंत्र घ्यायचं की नाही हे घर ठरवेल, अक्कांचं काम त्यामुळं जाणार नाही हे त्यांनी आधीच ठरवलंय.

तिसरं, वेळापत्रक करताना सूनबाईंच्या गप्प राहण्याकडं मी लक्ष द्यायला हवं होतं. वाटणी मोडली की काम कुठं जाऊन पडतं ते मला ठाऊक होतं, तरी दोन आठवडे मी विचारलं नाही. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नात वही काढते आणि ज्यानं-त्यानं काय घासलं ते मांडते. या महिन्यात नातवाच्या नावापुढं सहा दिवस कोरे आहेत. परीक्षा होती म्हणतो. आजींनी त्याची बाजू घेतली, आजोबांनी नाही घेतली. येत्या रविवारी मी जाणार आहे.